वेशीवरचं लुगडं

माझ्या धाकट्या बहिणीने, ज्ञानदाने, 'लक्तर' या शब्दावर पीएच.डी. करायला घेतली तेव्हा आमच्या आईने कपाळाला हात लावला. "लोकांच्या पोरी कॉम्प्युटरवर संशोधन करतात, तुला चिंध्याच सापडल्या होय गं?" आईचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

विषयाचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नसे. 'सातारा-सांगली परिसरातील साप्ताहिकांमध्ये लक्तर या शब्दाचा शब्दशः आणि लाक्षणिक वापर', आणि त्याच्यापुढे स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांचं शेपूट. मी साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर लोकांना क्लच आणि ब्रेकमधला फरक ओरडून सांगायचा आणि घरी यावं तर जेवायच्या टेबलावर पिवळ्या पेपरांच्या झेरॉक्सचा ढीग. कुठे नगरपालिकेच्या कारभाराची लक्तरे, कुठे सोसायटीच्या चेअरमनच्या अब्रूची लक्तरे, कुठे नळयोजनेची. दोन साप्ताहिकांचे छापखाने एकाच गल्लीत होते. या आठवड्यात हा त्याची लक्तरं वेशीवर टांगायचा, पुढच्या आठवड्यात तो ह्याची. त्या काळात साताऱ्याच्या वेशीवर कावळ्यालाही बसायला जागा उरली नसेल.

प्रत्येक झेरॉक्सवर ज्ञानू एक गोल टिकली चिकटवायची. लाक्षणिक असेल तर निळी, शब्दशः असेल तर लाल. आमचं घर निळ्या टिकल्यांनी भरून गेलं. लाल टिकल्या मोजक्या, त्यासुद्धा रडतखडत मिळालेल्या: रेशनवर कापड मिळेना म्हणून कोरेगावच्या बाजारात लोक लक्तरं नेसून आले, ओढ्याला पूर आला तेव्हा कुणी जुनी लक्तरं दान केली. एवढंच.

तिचे गाईड डॉ. सुमंत सांगलीला असत. गाईड म्हणजे जागृत देवस्थान. दर महिन्याला जायचं, नैवेद्य ठेवायचा आणि कौल मागायचा. ज्ञानूने त्यांना वाईची स्ट्रॉबेरी नेली, त्यांच्या मिसेसचा ब्लाऊज टेलरकडून आणून दिला, त्यांच्या नातवाचा मराठीचा प्रकल्प लिहून दिला. सरांनी लाल टिकल्या पाहिल्या आणि ओठ मुडपले. "हे गरिबीचं लक्तर झालं. मला वेशीवरचं हवं. वाक्प्रचाराच्या मुळाशी एखादी खरी घटना नसेल, तर तुमचं शब्दशः हे प्रकरण उभंच राहत नाही."

ज्ञानू हसण्यावारी नेईल असं मला वाटलं होतं. ती घरी येऊन रडली. तिचंही खरंच होतं. चाळिशी जवळ आलेली, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, सुट्टीतला पगार नाही आणि स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. त्या एका लाल टिकलीवर तिचं सगळं घोडं अडलं होतं.

आणि तिला ती टिकली सापडली. वडूजच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकात, तिसऱ्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. 'विवाहितेच्या चारित्र्याची लक्तरे वेशीवर', असा मथळा. कडेगावजवळच्या एका गावात सौ. बायडाबाई नावाच्या विवाहितेचं इरकली लुगडं फाडून अज्ञात इसमांनी गावच्या वेशीला टांगलं, सदर विवाहिता जावेच्या विहिरीतील मृत्यूबाबत जबाब देणार होती असे कळते, पुढील तपास चालू आहे. संपलं. पुढच्या अंकांत तपासाचा मागमूस नव्हता.

सरांचं समाधान तरीही झालं नाही. "त्या काळचे संपादक हातभर लिहायचे. मथळा लाक्षणिक आणि खालचा मजकूर त्याला सजवलेला, असंही असेल. प्रत्यक्ष लुगडं होतं याला पुरावा काय?"

ज्ञानूने स्टाफरूममध्ये सहज त्या गावाचं नाव काढलं. तिकडचे एक शिपाई म्हणाले, "बायडाक्का? हायत की अजून. शिवतेजदादांच्या आजी. नव्वदीला आल्यात, पण खडखडीत हायत."

माणूस जिवंत आहे हे ऐकून बाकी कुणी चार दिवस विचार केला असता. ज्ञानूने त्याच दुपारी मला गाडी काढायला लावली.

रहिमतपूर, पुसेसावळी करत आम्ही गेलो. कारखान्यांचे दिवस, रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रेलर ओढणारे. गावात शिरताना वेस कुठेच दिसली नाही. होती ती सिमेंटची रंगीत कमान, तिच्यावर फेटेवाल्या माणसाचा चेहरा आणि खाली 'लोकनेते कै. सयाजीआबा स्मृती प्रवेशद्वार'. घर लगेच सापडलं. दारात दोन पांढऱ्या गाड्या, भिंतीवर कॅमेरे आणि गेटवर उमेदवार शिवतेजचा फ्लेक्स. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळे शिवतेज आणि त्याची बायको दीपमाला दोघं प्रचाराला गेलेले. म्हातारी मागच्या पडवीत लसूण सोलत बसली होती.

वाळलेलं, काटक शरीर, ताठ मान. आम्ही कोण ते तिने विचारलं नाही. पाट सरकवला आणि "बसा पोरींनो," म्हणाली.

ज्ञानूने फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं, बातमी वाचून दाखवली. म्हातारीचे हात लसणीवर थांबले. शेवटपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग ज्ञानूने विचारलं, अगदी गोड आवाजात, पहिलीच्या मुलाला विचारावं तसं. "तर आजी, मला एवढंच हवंय. हे प्रत्यक्षात घडलं होतं का? म्हणजे खरंच लुगडं टांगलं होतं, की ती नुसती बदनामी होती?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "नुसती?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्ञानूने पेन सरसावलं.

"हिरवं इरकली हुतं," म्हातारी म्हणाली. "माज्या लग्नातलं. माज्या चुलत्यानं घेतल्यालं. त्येच्या धांदोट्या केल्या आन तांबडं फुटायला येशीला बांधल्या. बाया पाण्याला चालल्या हुत्या, गडी रानात चालल्यालं. समद्या गावानं बघितलं."

"म्हणजे शब्दशः," ज्ञानू मला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. तिने पेनाला टोपणसुद्धा लावलं.

मी विचारलं, "कुणी टांगलं आजी?"

"पेपरात काय लिवलंय?"

"अज्ञात इसमांनी. म्हणजे कोण ते माहीत नाही."

म्हातारी हसली. हसताना तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. "म्हाईत न्हाई व्हय? माज्या मालकानं. सयाजीनं. माज्या म्होरंच फाडलं. एकट्याला फाटंना, चांगलं घट्ट लुगडं हुतं. मला म्हणला, येक टोक धर. धरलं मी."

ती पुढे बोलत राहिली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर तिला थांबवायचीही सोय नव्हती. हौसा तिची धाकटी जाऊ. दिराने हौसाच्या डोक्यात लोखंडी पहार घातली आणि विहिरीत टाकली. घरात सगळ्यांनी सांगायचं ठरवलं, पाय घसरला. बायडाक्काने गोठ्यातून सगळं पाहिलं होतं. फौजदार येणार म्हटल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, मी सांगणार. दुसऱ्या दिवशी पहाटे लुगडं वेशीला.

"मला मारलं न्हाई. बोलला बी न्हाई. त्येला म्हाईत हुतं काय करायचं ते. जिचं लुगडं येशीला लागलं ती बाई छिनाल, आन छिनालीचं खरं बी खोटंच. फौजदार आला, त्यानं आधी येशीकडं बघितलं, मग माज्याकडं. म्हणला, असल्या बाईचा जबाब काय घ्याचा. चा पिऊन गेला."

"आणि तुम्ही? इथंच राहिलात?"

"मग कुठं जाती? पोटुशी हुती. त्येच घरात ऱ्हायले, त्येच माणसाची चार पोरं काढली. दिराला तीस वरीस भाकरी वाडली. आता कमान बांधलीया सयाजीच्या नावानं. दवाखान्याला नेत्यात तवा त्या कमानीखालनं जाताना मी डोळं मिटून घेती." तिने टोपली बाजूला सारली. "सत्तर वरसांत मला कुणी इचारलं न्हाई. तू पयली. लिवणार हायस न्हवं? मग नाव घालून लिव. सयाजीनं टांगलं, हौसाला दाबायला टांगलं, आसं लिव. न्हाईतर लिवूच नगंस, तुज्या पाया पडती."

"घरात तुम्हाला त्रास होईल आजी," मी म्हणाले.

"हुं दे. कोण खायाला घालतंय आन कोण न्हाई, ह्याची आता फिकीर न्हाई मला. तेवढं येक खरं कागदावर येऊं दे."

ज्ञानूने तिच्या हातावर हात ठेवला. "लिहिते आजी. नावानिशी लिहिते."

त्या वेळी ती खोटं बोलत नव्हती. हे मी तिची बहीण म्हणून सांगत नाही, तिच्यावर माझा आता तेवढा जीव राहिलेला नाही.

परत येताना ती गाणं गुणगुणत होती. मी म्हटलं, "ज्ञानू, तुला त्या हौसाचं काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना ताई. पण ते वेगळं प्रकरण होईल." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तू उगाच प्रत्येक गोष्टीत भावनिक होतेस." रात्री जेवणाआधी तिने त्या झेरॉक्सवर लाल टिकली लावली आणि आईला पेढा भरवला.

तिने खरोखरच नावानिशी लिहिलं. तो मसुदा मी वाचलाय. चांगला लिहिला होता. पण सरांना धीर कुठला? त्यांनी सांगलीच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत स्वतःच्या नावाने लेख ठोकून दिला, 'एका वाक्प्रचाराच्या मुळाशी'. गावाचं नाव, बायडाक्काचं नाव, लुगड्याचा रंगसुद्धा. सयाजीचं नाव मात्र त्यांनी गाळलं, कारण सर मूर्ख नाहीत. ज्ञानूचे आभार शेवटच्या ओळीत मानले होते, तेही तिचं आडनाव चुकवून.

सोमवारी सकाळी शिवतेज आमच्या दारात हजर. पांढरा शर्ट, हातात चार फोन असल्यासारखी घाई, पण बोलणं लोण्याहून मऊ. मी चहा केला. आपल्याकडे वैऱ्यालाही चहा विचारतात, ही एक पीडाच आहे.

"मॅडम, लय चांगलं काम करताय," तो ज्ञानूला म्हणाला. "आक्कानं तुमाला काय सांगितलं असंल ते मला म्हाईत हाय. आमाला बी सांगती कधीकधी. वय झालंय, भ्रम झालाय. खरं असं हाय की गावगुंडांनी लुगडं टांगलं आन आबांनी येशीवर चढून ते उतरवलं. गुंडांना झोडपलं. सगळं गाव सांगंल तुमाला."

"सगळं गाव म्हणजे तुमचे कार्यकर्ते?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघून हसला आणि पुन्हा ज्ञानूकडे वळला. "तुमच्या संस्थेच्या बॉडीवर आपले मामा हायत. काल बोलता बोलता तुमचा विषय निघाला. म्हणत हुते, मॅडमचं पीएच.डी. झालं की फाईल लगेच हलवू. चांगल्या माणसाची जागा कायम झाली पायजे. व्हय का न्हाई?" मग जराही आवाज न चढवता म्हणाला, "ते आक्काचं रेकॉर्डिंग तेवढं पुसून टाका. माज्यासमोर पुसलं तर बरं, मग डोक्याला ताप न्हाई."

मला वाटलं, आता ज्ञानू त्याला दार दाखवेल. तिने फोन काढला. अंगठ्याने दाबलं, पुन्हा दाबलं, आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाकून नीट पाहिलं. मी त्याच्यासमोरचा चहाचा कप उचलून नेला, अजून अर्धा भरलेला होता. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि तेवढंच मी केलं.

तो गेल्यावर आम्ही खूप भांडलो. ती म्हणाली, "तुझा धंदा आहे, तुझी गाडी आहे, तुला काय जातंय बोलायला? मी बारा वर्षं लोकांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसतेय." मी म्हटलं, त्या बाईने तुझ्या पाया पडायची तयारी दाखवली होती. ती म्हणाली, "ताई, तिचं झालं गं जगून." हे वाक्य ती बोलली. आई आतून ऐकत होती.

सुमंत सरांनी तिचं मन अगदी साफ करून टाकलं. "हे बघा, आपला विषय लक्तर आहे, टांगणारा नव्हे. लुगडं प्रत्यक्ष होतं हे सिद्ध झालं, शब्दशः वापर सिद्ध झाला. बाकी फौजदारी भानगड आपण कशाला गळ्यात घ्यायची?" प्रबंधात मग 'अज्ञात इसम' हेच राहिलं. तळटीपेत भर पडली: कुटुंबीयांच्या माहितीनुसार हे कृत्य गावगुंडांचे असून पतीने लुगडे खाली उतरवले. तळटीप बारीक अक्षरात होती, पण माझे डोळे चांगले आहेत.

तिकडे शिवतेजने तर त्या लुगड्याचं सोनं केलं. त्या दिवसांत मोबाईलवर जिल्ह्याच्या बातम्या दाखवणाऱ्या एका चॅनेलचा व्हिडिओ माझ्या एका विद्यार्थ्याने मला पाठवला. कमानीला एक कोरी करकरीत हिरवी साडी सोडलेली, खाली मंडप, शिवतेज माइकवर: "माझ्या आजीची लक्तरं ह्याच वेशीवर टांगली होती! आणि माझ्या आजोबांनी ती उतरवली! आज मी तुमच्या आयाबहिणींच्या अब्रूसाठी उभा आहे!" टाळ्या. शेजारी खुर्चीत बायडाक्का. तिला सयाजीच्या फोटोला हार घालायला उभं केलं. हार तिच्या हातात दिला, पण हात वर जाईना. शिवतेजने तिचं मनगट धरून वर केलं. फोटोला हार पडला तेव्हा म्हातारीचे डोळे मिटलेले होते. खाली लोकांनी लिहिलं होतं, आजींचे आनंदाश्रू.

दोन दिवसांनी ज्ञानूच्या फोनवर त्या गावाहून फोन आला. ज्ञानूने नंबर पाहिला आणि फोन उशीखाली सारला. वाजतच राहिला म्हणून मी उचलला. शेजारच्या कुणाच्या तरी फोनवरून म्हातारी बोलत होती.

"लिवलं का गं पोरी नाव?"

"मी अश्लेषा आजी, ती गाडीवाली. ज्ञानू बाहेर गेलीय." ज्ञानू समोर बसली होती.

"तिला म्हणावं, आता तर लिवच. माज्या हातानं हार घातलाय त्यांनी त्याला. तू बघितलंस का?"

"पाहिलं आजी."

"मग म्हणावं, तिनं हातावर हात ठिवलाय."

मी फोन ठेवला आणि ते शब्द जसेच्या तसे ज्ञानूला सांगितले. ती उठून आंघोळीला गेली. संध्याकाळचे पाच वाजले होते.

मौखिक परीक्षा सांगलीतच, सरांच्या महाविद्यालयात ठेवली होती. पीएच.डी.ची मौखिक म्हणजे आपल्याकडे साखरपुड्यासारखा सोहळा. खुली असते, कुणीही यावं, प्रश्न विचारावेत. प्रत्यक्षात सगळे जेवणाचं विचारतात. परीक्षकांसाठी शाल, नारळ, ताटात साजूक तुपातला शिरा, सगळी जुळवाजुळव ज्ञानूने केली होती. आई पैठणी नेसून पहिल्या रांगेत. आणि पहिल्याच रांगेत, मधोमध, शिवतेजने आणून बसवलेली बायडाक्का. त्याने चॅनेलवालाही आणला होता. तोवर तो निवडून आला होता.

म्हातारीला तिथे बघायची माझी तयारी नव्हती. ती मात्र खूश होती. धुतलेलं लुगडं, कपाळावर गोंदण ठसठशीत. मला ओळखून तिने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "आज वाचून दावणार न्हवं ती? त्येच्यासाठनं आले मी. शिवतेज न्हाईतर कुठला आणतोय, त्येला वाटतंय फोटोसाठनं आले." मी होय म्हणून मान हलवली.

ज्ञानूने पडद्यावर निळे-लाल तक्ते दाखवले. छान बोलली. बाहेरचे परीक्षक पुण्याकडचे, मोठे विद्वान, पातळ चष्मा. त्यांनी दोन-चार सोपे प्रश्न विचारले आणि मग पानं चाळत म्हणाले, "तुमचं हे वेशीवरच्या लुगड्याचं उदाहरण फार मोलाचं आहे. पण कृत्य करणारे अज्ञात, असं तुम्ही म्हणता. घटनेची साक्षीदार हयात असताना तिला विचारलं नाहीत?"

ज्ञानूने समोरचा प्रबंध जवळ ओढला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "इचारलं हुतं की."

सगळे वळले. म्हातारी काठी टेकून उभी राहिली होती. शिवतेजने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "आक्का, बस गं," पण ती बसली नाही. परीक्षकांना मौज वाटली. ते म्हणाले, "अरे वा, याच का त्या? बोलू द्या त्यांना. आजी, कुणी टांगलं होतं?"

"हिला म्हाईत हाय," म्हातारीने ज्ञानूकडे बोट केलं. "हिला सांगितलंय मी समदं. हिच्या तोंडानं ऐका. माजं कोण ऐकतंय? ही शिकल्याली हाय, हिचं ऐकतील. सांग गं पोरी."

सुमंत सर खाली बघून कागद सारखे करत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल, ज्ञानू, एक नाव फक्त, तीन अक्षरं. म्हातारी तिच्याकडे असं बघत होती की मला बघवेना.

ज्ञानूने पाण्याचा घोट घेतला. मग परीक्षकांकडे वळून, तिच्या त्या वर्गात शिकवायच्या आवाजात म्हणाली, "सर, मी त्यांची मुलाखत घेतली होती. परंतु वय नव्वदीच्या घरात आहे. त्यांच्या सांगण्यात विसंगती आढळल्या, स्मृतिभ्रंशाची शक्यता कुटुंबीयांनीही सांगितली. त्यामुळे त्यांची साक्ष मी ग्राह्य धरलेली नाही."

"उत्तम," परीक्षक म्हणाले. "ही संशोधकाची तटस्थता. नाहीतर हल्लीची मुलं वाहवत जातात."

टाळ्या झाल्या. सुमंत सरांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. शिवतेजने म्हातारीला खांदा दाबून खाली बसवलं. "काय म्हणली ती?" तिने मला विचारलं. शब्द तिला कळले नव्हते. शिवतेज तिच्या कानाशी वाकून म्हणाला, मोठ्याने, दोन रांगांना ऐकू जाईल असं: "मॅडम म्हणत्यात, तुला आठवत न्हाई. तुजं डोस्कं फिरलंय."

ज्ञानू डॉक्टर झाल्याचं जाहीर झालं. आई रडायला लागली. पेढे फिरले, एक म्हातारीच्या हातावर ठेवला गेला, तो तसाच राहिला. शेवटी ज्ञानू नमस्कारांना निघाली. सरांना, परीक्षकांना, आईला, आणि कॅमेरा चालू होता म्हणून बायडाक्कालाही. ती वाकली तेव्हा म्हातारीने तिचं मनगट धरलं. राग नव्हता त्या चेहऱ्यावर. रागाचीच मी वाट बघत होते. एखादं पोर वाट चुकल्यावर बघतं तशी ती बघत होती.

"पोरी," ती म्हणाली, "हौसाला मी बघितलं हुतं, गोठ्यातनं. ते तरी खरं हाय न्हवं गं? का ते बी माज्या डोस्क्यातलंच?"

ज्ञानूने मनगट सोडवून घेतलं. तिला फोटोसाठी हाका मारत होते.

मी खाली बसले आणि म्हटलं, "खरं आहे आजी. सगळं खरं आहे. त्यांनी टांगलं, हौसाचं तुम्ही पाहिलं, सगळं तसंच झालंय." तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खुर्चीच्या कडेवर सरकून, मान उंचावून, ती तिकडे शालीतल्या ज्ञानूकडे बघत होती, उत्तरासाठी.